फोटोतले गाल

"यातलं कुठलं, ते तुम्ही ठरवा," असं म्हणून डॉक्टरनं टेबलावर गाल भरायच्या दोन सिरिंज ठेवल्या. "हे वर्षभर टिकतं. काही बिनसलंच तर दुसरं इंजेक्शन देऊन विरघळवता येतं. ते दोन वर्षं टिकतं, पण गाठी झाल्या तर विरघळत नाहीत. सूज दोन्हीनं येते. सुई रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरते. फार क्वचित डोळाही जातो."

"ज्याचा जातो त्याचा पुरताच जातो," ती म्हणाली.

भिंतीवरच्या चित्रांत गुळगुळीत बाया हसत होत्या. सुरकुती म्हणजे जणू लपवायचा चोरीचा माल. असल्या बायांना तिनं जन्मभर नावं ठेवली होती. पण गेले चार महिने घरात एकच तमाशा चालला होता. तिनं ताट पुढं केलं की ते ओरडायचे, "तू कोण? तिला बोलव!" आणि ताट भिरकावून द्यायचे. "मीच आहे ना," सांगून सांगून तिचा घसा बसला. त्यांचा नुसता सापळा उरला होता.

डॉक्टर सगळ्यांकडूनच जुना फोटो मागून घ्यायचा आणि त्यावरून गालावर खुणा करायचा. तिनं दिलेला फोटो चेहऱ्यापुरता कातरलेला होता. भरलेले गाल, हनुवटीवर तीळ.

"हाडं तीच. मांस तेवढं उतरलंय," पांढरी पेन्सिल फिरवत तो म्हणाला. "तीळ कुठं गेला?"

"गेला."

"दोन वर्षांचं घ्या, ताई. सारखं यायला नको."

"विरघळतं तेच द्या. त्यांच्याकडे वर्षही नाही. मग मला माझा चेहरा परत लागेल."

"चांगला झालेला चेहरा कुणी मोडतं का? नवरोबा खूश होतील, बघा."

तिनं डोळे मिटून गाल पुढं केला. त्यानं सुया टोचल्या.

सूज उतरायला दहा दिवस लागले. तोवर शेजारीण पाजायची त्या चार घोट दुधावर ते तगले. अकराव्या दिवशी तिनं फोटोतल्यासारखा मधोमध भांग पाडला, काळ्या पेन्सिलीनं हनुवटीवर ठिपका दिला आणि ताट घेऊन खोलीत गेली.

ते धडपडत उठून बसले. त्यांचा हात तिच्या गालावरून फिरला.

"कुठं उलथली होतीस गं? इथं एक बाई येते. सारखी भरवायला बघते. हाकल तिला."

"हाकललं."

त्यांनी तोंड उघडलं. चार महिन्यांत पहिल्यांदा ताट रिकामं झालं. शेवटच्या घासाला त्यांनी दाराकडे पाहिलं.

"आणि आपली पोर? शाळेतून आली नाही अजून?"

"येईल," ती म्हणाली, आणि ओठांवर आलेला 'बाबा' तिनं गिळून टाकला.