प्राध्यापकांचा तळहात

“अप्पांना लिंग द्यायचं नाही म्हणजे नाही!” सौंदर्या वडिलांच्या मृतदेहासमोर वाट अडवून उभी राहिली.

सोमशेखर सरांना शाहूपुरीतल्या घरात भिंतीला टेकवून, मांडी घालून बसवलं होतं. लिंगायतांची रीतच तशी. मेलेल्याला बसवूनच पुरायचं, डाव्या तळहातात इष्टलिंग देऊन. पण सरांनी गळ्यातलं लिंग तरुणपणीच काढून टाकलेलं. ते कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, आणि जगात अंतिम असं काहीच नसतं हे पटवताना त्यांनी भाजीवाल्यालाही सोडलं नव्हतं. म्हणून धाकटा भाऊ ईरप्पा गडमुडशिंगीहून येताना नवंकोरं लिंग विकत घेऊन आला होता.

“बिनलिंगाचं पुरायचं व्हय? जनावरागत?” तो पुतणीच्या अंगावर धावला. “ह्यात बोलणंच न्हाय. धर्म म्हंजे धर्म!”

“अप्पांनी मला बजावून सांगितलंय, काका. त्यांचा शब्द अंतिम.”

सरांची बायको शिवगंगा त्यांच्याशेजारी बसून ऐकत होती. तिला दोघांचाही संताप आला. माणूस गेला त्याचं ह्यांना काही नाही, नुसता हट्ट! आणि नवऱ्यावरचा राग तर त्याहून जास्त. जन्मभर तो तिच्या पूजेला हसला. पाहुण्यांदेखत हसला, पोरीलाही हसायला शिकवलं.

“अंतिम काय नसतंय म्हणून ह्यांनी माझं डोस्कं खाल्लं,” ती लेकीला म्हणाली. “मग ह्यांचाच शब्द कसा गं अंतिम?”

सौंदर्या बाजूला सरली. ईरप्पाला जोर चढला. नवं लिंग घेऊन तो पुढे सरकला.

“ते दुकानातलं खिशात ठेवा, भावजी.”

शिवगंगेनं लहानपणी दीक्षेला बांधलेलं आपलं लिंग गळ्यातून ओढून काढलं. बाळंतपणातसुद्धा ते अंगावेगळं झालं नव्हतं.

“वैनी!” ईरप्पाची बोबडी वळली. “जित्तेपणी काढत न्हाईत! काय बी झालं तरी न्हाय!”

“मी काढलं.”

तिनं नवऱ्याचा ताठरलेला तळहात जोर लावून उघडला, लिंग आत दाबलं आणि त्याचं एकेक बोट मिटवलं.

“आता हसा,” ती म्हणाली.