हाकेची परीक्षा

“तयार स्पीकर बाहेरून आणा, वर ‘सुरभान’ची पाटी चिकटवा. कोणाला कळणार आहे?” वितरक पोंक्षे म्हणाले.

बुडालेली ‘सुरभान’ कंपनी विकत घेतलेल्या शाल्मलीने पोंक्षेंनी आणलेला नमुना पडद्यामागे ठेवला. कारखान्याची जुनी रीतच होती: रेकॉर्ड केलेली हाक खरी समजून माणसं फसली, तरच त्या स्पीकरला पाटी लागायची.

“चहा आला रे!” स्पीकर ओरडला. एकाही कामगाराने मान वर केली नाही.

“अहो, आजकाल एवढं कोण ऐकतं?” पोंक्षे चिडले.

तेवढ्यात पुन्हा हाक आली, “चहा आला रे!” कामगार हातातलं काम टाकून दाराकडे वळले. पोंक्षेही उठले.

दारात कोणीच नव्हतं. पडद्यामागे इथेच बनवलेला स्पीकर होता.

“बसा, पोंक्षेसाहेब,” शाल्मली म्हणाली. “चहा यायचाय अजून. पाटी मात्र यालाच लागणार.”