बोलोन्यात तीन तास

"पिसा नको," म्हणत कमळाकाकींनी कागदावर काट मारली. "वाकडा मनोरा बघायला एवढ्या लांब कशाला? आपल्या वाडीतल्या निम्म्या माडांची तीच गत हाय."

सानिका हसू दाबत संगणकाकडे बघत राहिली. ती सदूकाकांची पुतणी. मारुती मंदिराजवळ तिचं सहलींचं छोटं ऑफिस होतं. जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली, की मिरकरवाड्यातली काकांची लाँच धक्क्याला लागायची आणि काका दोन महिने स्वयंपाकघरात लुडबुड करून काकींचा जीव नकोसा करायचे. यंदा त्यांनी एकदम इटलीच काढली होती. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान, सगळं पंधरा दिवसांत.

पिसा गेल्याचं काकांना काडीचं दुःख झालं नाही. त्यांना इटलीतलं एकच गाव हवं होतं. ते त्यांनी यादीत मुद्दाम बारीक अक्षरात लिहिलं होतं: बोलोन्या, गाडी बदलणे, तीन तास.

बोलोन्यात अजिंक्य होता.

त्यांचा एकुलता एक मुलगा. आठ वर्षांपूर्वी नोकरीला म्हणून तिकडे गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि मग फोनवर कळवलं. काका त्या दिवशी ओटीवर उभं राहून इतके ओरडले होते, की समोरची माणसं जेवणं टाकून बाहेर आली. शेवटी काकींनी हातातली परात खाली आदळली. "बस झालं. आजपासून या घरात त्याचं नाव निघायचं नाय."

काकांचा राग सहा महिन्यांत विरघळला. पण काकींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही, म्हणून काकांनीही काढला नाही. अजिंक्यला मुलगी झाली, तिचं नाव ईशा ठेवलं, हे त्यांना सानिकाकडून कळलं. त्या दिवशी ते धक्क्यावर जाऊन एकटेच रडले होते. आता ती पोर पाच वर्षांची होती आणि काकांचं सत्तरावं सरत आलं होतं.

म्हणून हा सगळा घाट. बोलोन्याच्या स्टेशनवर अजिंक्य लेकीला घेऊन उभा राहील, नात समोर दिसली की काकी विरघळतील, असा हिशेब होता. मात्र आधी सुगावा लागला, तर बाई घराचा उंबरा ओलांडणार नाही. मग नात या जन्मी दिसायची नाही. सानिकाला त्यांनी गळ्याची शपथ घातली होती.

काकींनी व्हेनिसवरही काट मारली. जन्म पाण्यात गेला, आता सुट्टीतही पाणीच बघायचं काय, असं त्यांचं म्हणणं. मिलानची दुकानं आपल्याला परवडायची नाहीत, म्हणून मिलानही गेलं. मग त्यांचं बोट बारीक अक्षरावर थांबलं.

"इथं काय हाय?"

"डोंगरावर त्यांच्या देवाच्या आईचं देऊळ हाय म्हणतात," काका घाईने म्हणाले. "जुनं हाय. ऊन लागेल, छत्री घेऊ आपण."

"छत्री कशाला? तिथं सगळ्या रस्त्यांना पडवी हाय. पार देवळापर्यंत."

काका चकित झाले. टीव्हीवर बघितलं, असं म्हणून काकींनी चष्मा पुसायला घेतला. सानिकाने मान आणखी खाली घातली.

"पण तीन तासांत कसलं देऊळ?" काकी म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांना ही धावपळ जमायची नाय. उतरायचंच तर चांगले चार दिवस राहू."

काकांनी लगेच तीन तास खोडून चार दिवस लिहिले. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत. घरी येताना त्यांनी काकींना न मागता कलिंगडाचा रस पाजला.

मे सरत आला. तिकिटं हातात पडली. काकी शिवणाच्या मशीनवर एक हिरवं परकर-पोलकं शिवत होत्या. शेजारच्या मनिषाच्या नातीला, म्हणाल्या. ती तर अजून पाळण्यात आहे, असं काकांनी सुचवून पाहिलं. वाढत्या अंगाचं शिवलेलं बरं, असं उत्तर आलं आणि मशीन पुन्हा धडधडू लागली.

निघायच्या आधीचा रविवार उजाडला. रविवारी दुपारी काकी मनिषाकडे भजनाला जात. चार-पाच वर्षांत त्यांच्या तोंडून काकांनी एकही नवा अभंग ऐकला नव्हता, पण बायकांचं भजन म्हणजे निम्म्या गप्पाच, असं समजून ते त्या वेळेत एक डुलकी काढायचे.

आज मात्र त्यांना झोप येईना. आंबापोळी, कोकम, कुळथाचं पीठ असं सगळं कोंबून काकींची बॅग फुगली होती, आणि त्या बॅगेकडे बघताना काकांना अपराधी वाटत होतं. चाळीस वर्षं जिने आपल्यासाठी धक्क्याकडे डोळे लावले, तिला फसवून न्यायचं? नाही. ती आली की सगळं सांगून टाकायचं. रागावली, तर पाय धरायचे. त्यांनी पहिलं वाक्यही मनात जुळवून ठेवलं.

तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला. काकी तो चार्जिंगलाच विसरून गेल्या होत्या. काकांनी चष्मा शोधून नाव वाचलं: 'मनिषा भजन'. कमळा आत्ताच निघाली, पोचेल एवढ्यात, असं सांगायला त्यांनी फोन कानाला लावला.

पलीकडे एका लहान मुलीचा आवाज होता. हेल मात्र अस्सल मिरकरवाड्याचा.

"आजी गो, आजोबांना अजून कळलं तर नाय ना, आपण त्यांना फसवून बोलोन्याला आणतोय ते?"