बापाच्या वाटीतली नळी

साधनाने ओढणीने धरून छोटं पातेलं चुलीवरून उतरवलं आणि हळूच इकडंतिकडं बघून घेतलं. दर्ग्यामागच्या चिंचेखाली बाया भाकरी थापत होत्या. तिची आई पंगतीत वाढणाऱ्या पोरांवर खेकसत होती. कुणाचं लक्ष नव्हतं. मोठ्या पातेल्यात बोकडाचा रस्सा रटरटत होता. छोट्यात तोच मसाला, तीच लालबुंद तर्री, पण आत सोयाबीनच्या वड्या. भिजवलेल्या, पिळलेल्या, बोटांनी चिरफाळून अगदी मटणाच्या फोडीसारख्या केलेल्या. कुणाच्या बापाला कळायचं नाही, असं तिच्या मनात आलं, आणि मग तिचं तिलाच हसू फुटलं. बापालाच तर कळू द्यायचं नव्हतं.

कंदुरी, पिराच्या नवसाचं हे जेवण, तिच्याच नावाची होती. मागच्या दिवाळीला ती डेंग्यूने आठ दिवस दवाखान्यात पडली, तेव्हा तिचा बाप मसाजी दर्ग्यातल्या पिराला बोकड बोलला होता. बोकड अंगानं भरेपर्यंत मसाजीच्याच काळजाची नस तुंबली आणि छातीत जाळी बसली. डॉक्टरांनी मटण बंद केलं. त्याऐवजी डाळ, हरभरा, सोयाबीन, असं सगळं कागदावर लिहून दिलं. त्या कागदाची घरातली मालकीण साधना. दहावीतली पोरगी, विज्ञान प्रदर्शनातलं बक्षीस घरात आणलेली. तिच्यापुढं बोलायची कुणाची टाप? मसाजीने सगळं ऐकलं. आपलंच सोयाबीन हिंगोलीच्या मोंढ्यावर विकायला घालायचं, पुडक्यात बांधून परत आणायचं अन् वर त्याला मटण म्हणायचं, एवढं एक तो रोज बोलायचा आणि मुकाट जेवायचा. चार महिने. काल मात्र तो तिच्याजवळ आला आणि शाळेत सुट्टी मागावी तसं विचारू लागला, की नवसाच्या दोन फोडी चालतील का. चालतील, ती म्हणाली. पण वाढीन मी.

आता आईने बापासाठी म्हणून मोठ्या पातेल्यातून वाटी भरून तिच्या हातात दिली. दोन फोडी, आणि वर निवडून काढलेली जाडजूड नळी. साधना वाटी घेऊन चिंचेच्या बुंध्याआड गेली. रस्सा आणि फोडी तिने एका रिकाम्या टोपात उलट्या केल्या आणि वाटीत वड्या भरल्या. हातात नळी तेवढी उरली. गरम, तोंडाशी मगज चमकत असलेली. परत टाकली तर दुसऱ्या कुणाच्या तरी ताटात जाईल. तिने उभ्याउभ्या दोन दमात ओढली, हाड कुत्र्याकडे फेकलं आणि पंगतीकडे निघाली.

मसाजी अन्सारचाचाच्या शेजारी बसला होता. शेळ्यांच्या बाजारातली दोघांची वीस वर्षांची जोडी. मसाजीने वाटी कपाळाला लावली, दर्ग्याकडे बघितलं आणि भाकरीच्या तुकड्यात एक फोड धरून तोंडात घातली. चावली. मग सावकाश आणखी थोडी चावली. साधना भाकरीची टोपली घेऊन पुढ्यातच उभी. त्याने भाकरीचा दुसरा तुकडा मोडला. तिने श्वास सोडला. एका जिवाला वाचवलं आपण, असं तिला वाटत होतं, आणि तोंडात मगजाची चव अजून घोळत होती.

पंगतभर माणसं नळ्या ताटावर आपटत होती. टक टक. टक टक.

मसाजी वाटीत बोट घालून काहीतरी शोधू लागला. एक वडी उलटली, दुसरी उलटली, तळ खरवडला.

"काय धुंडून राहिला रे मसाजी?" अन्सारचाचाने विचारलं. "बोकडानं सोनं गिळलं व्हतं का?"

"नळी पाहून राहिलो. आमच्या साधनाबाईची असती ती."

साधनाच्या हातातली टोपली एकदम जड झाली. घरात मटण शिजलं की मसाजीच्या वाट्याची नळी मसाजीने कधीच खाल्ली नव्हती. ताटाच्या काठावर दोनदा आपटायची आणि मगज तिच्या तळहातावर टाकायचा. तिला दातही नीट आले नव्हते तेव्हापासून. इतकं रोजचं, की आज ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

अन्सारचाचा आपली नळी पुढं करून म्हणाला, ही दे लेकराला, त्यात काय. मसाजीने मान हलवली.

"न्हाई चाचा. नवस तिच्यासाठी केलता. माझ्याच वाटीतून पायजे."

आणि मग त्याने मान वर केली. साधनाच्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघितलं. तिने पटकन ओढणीने ओठ पुसले. ओढणीवर तर्रीचा लाल डाग उमटला. तो झाकायला तिने टोपली पोटाशी धरली, पण मसाजीची नजर तेवढ्यात डागावरून जाऊन वाटीवर आली होती.

रागावला असता तर बरं झालं असतं. तिच्याकडे उत्तर तयार होतं, डॉक्टरांच्या कागदासकट. नळीचं उत्तर त्या कागदावर नव्हतं.

मसाजीने वाटीतली एक वडी उचलली. ताटाच्या काठावर दोनदा आपटली. आवाज झाला नाही.

"हात कर माय," तो म्हणाला, आणि वडी तिच्या तळहातावर ठेवली.

चिंचेच्या बुंध्याआड कुत्रं कडाकडा हाड फोडत होतं.