ज्वालामुखीच्या परीक्षेत दोघं नापास

हे मी लिहिणारच नव्हतो. फजिती माझीच आहे, आणि स्वतःची फजिती कोण स्वतःहून छापतो? पण थेंब्याचा त्या दुपारचा चेहरा काही डोळ्यासमोरून जात नाही. म्हणून लिहून टाकतो.

थेंब्या माझ्या खुर्चीमागे उभा होता. त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

"चालव ना बाबा एकदाचं," तो म्हणाला.

"आधी मागे सरक. ज्वालामुखी तो आहे की तू?"

तो सरकला नाही.

प्रकरण असं होतं. एक जुना ज्वालामुखी. तो फुटला तेव्हा गंधकाचा वायू पार वर गेला, त्याचे बारीक थेंब झाले, त्यांनी ऊन अडवलं आणि दोन-तीन वर्षं अख्खी पृथ्वी जरा गार पडली. आता दहा गटांनी आपापल्या कॉम्प्युटरमधल्या पृथ्वीवर तोच ज्वालामुखी पुन्हा फोडला होता. कोणाची पृथ्वी किती गार होते, ते एकमेकांशी ताडून बघायचं होतं. खरी पृथ्वी किती गार झाली होती, त्याचे नव्याने जुळवलेले आकडे आमच्या बाईंनी झाकून ठेवले होते. बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. उत्तर बघून गणित कोणी सोडवू नये, म्हणून ते आकडे उघडायचे सगळ्यात शेवटी. त्याआधी चाळणी. सगळ्यांच्या सरासरीपासून जो फार लांब जाईल, तो बाद. नियम बाईंचा. चाळणी लावणारा प्रोग्राम माझा, इकडचं तिकडचं बघून लिहिलेला.

थेंब्याचा गट चार नंबरचा. त्याला थेंब्या म्हणतात, कारण चार वर्षं तो दुसऱ्या कशावर बोललेलाच नाही. त्याचं म्हणणं, हे थेंब एकमेकांना चिकटतात, जाडे होतात आणि लवकर खाली पडतात. मग ऊन लवकर परत येतं आणि पृथ्वी कमी गार होते. बाकीच्यांचे थेंब शेवटपर्यंत बारीकच. आज तो बाद झाला, तर त्याच्या मॉडेलमधला थेंबांचा भाग काढून टाकायचा, हे ठरलेलं होतं. चार वर्षांचं काम एका दुपारी केराच्या टोपलीत.

"आईचा फोन येऊन गेला," तो म्हणाला. "विचारते, फुटला का रे तुझा ज्वालामुखी? शेजारच्या काकूंना सांगायचंय तिला."

"सांग, फुटतोय."

मी बटण दाबलं.

स्क्रीनवर रेघा उमटायला लागल्या. सगळ्या शहाण्यासारख्या सरळ चालत आल्या, ज्वालामुखी फुटला, आणि धाडकन खाली. एकीमागे एक, मेंढरांसारख्या. थेंब्याची तेवढी जराशी वाकली आणि परत वर येऊन बसली. मग खाली अक्षरं आली.

बाद: ४, ११.

थेंब्या बाजूच्या टेबलावर टेकला. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. स्क्रीनवर तेच होतं.

"सॉरी यार," मी म्हणालो.

"तू कशाला सॉरी? आकडे आहेत ते." तो ओढूनताणून हसला. "एक बरं झालं, एकटा नाही गेलो. हा अकरा नंबरवाला कोण आहे रे? त्याला चहा पाजायला हवा."

"असेल कोणीतरी..." मी बोलता बोलता थांबलो. "थेंब्या, गट किती आहेत?"

"दहा."

आम्ही दोघंही स्क्रीनकडे वाकलो. थेंब्याच्या रेघेला चिकटून अजून एक रेघ होती. इतकी चिकटून, की मला दोन्ही मिळून एकच वाटली होती.

मी फोल्डर उघडला. आत दहाऐवजी अकरा फाइली होत्या. माझ्या प्रोग्रामला एक खोड आहे. फोल्डरमध्ये जी फाइल दिसेल ती उचलायची, नंबर द्यायचा आणि परीक्षेला बसवायची. सकाळी बाईंनी शेवटच्या टप्प्यासाठी एक फाइल पाठवली होती. "जपून ठेव, कोणाला दाखवू नकोस." मी जपून ठेवली होती. याच फोल्डरमध्ये.

"तू बाहेर जा," मी म्हणालो.

"का?"

"जा म्हणतो ना!"

पण त्याने फाइलचं नाव वाचलं होतं. तो एकेक शब्द सावकाश बोलला. "अकरा नंबर म्हणजे पृथ्वी. खरी पृथ्वी. आपल्या चाळणीत नापास?"

"सरासरीपासून फार लांब गेली," मी म्हणालो.

थेंब्या हसायला लागला. हसता हसता टेबलावरून घसरला आणि खाली फरशीवरच बसला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी थांबेना. मग हळूहळू शांत झाला. वर्गात पहिला आलेल्या पोरासारखा चेहरा.

"हे बघ," तो खालूनच म्हणाला, "हे सांगायला गेलास तर बाई तुला सोलून काढतील. ती फाइल हलव आणि पुन्हा चालव. मी एकटा बाद होतो. मला कळलं ना, तेवढं बस झालं."

आणि तो मनापासून म्हणत होता, हे जास्त अवघड होतं.

"बस नाही झालं," मी म्हणालो. "उद्या मीटिंगमध्ये बाईंसमोर हीच स्क्रीन लावतो. फाइल कुठे ठेवली होती तेही सांगतो. आणि म्हणतो, बाई, नियम तो नियम. काढायचं तर दोघांनाही काढा. याला, आणि पृथ्वीला."