दोन मुठींची करवत

करवतीच्या दोन्ही मुठी अगदी सारख्या झिजल्या होत्या, हे आईने आधी हेरलं. लेकीला ती घरीच शिकवायची. आजचा वर्ग जुन्या शेतीच्या संग्रहालयात भरला होता; तिथली अवजारं चालवून बघता यायची, म्हणून बाबाही सोबत आले होते. “मला शाळेत घाल ना,” लेकीने वाटेतही टुमणं लावलं होतं. आईचं उत्तर वर्षभर एकच, ‘बघू’. आता ओंडक्याच्या दोन बाजूंना दोघी करवत धरून बसल्या, पण पातं मध्येच वाकून अडकत होतं. “आई, ढकलू नकोस!” “अगं, मदत करतेय.” “त्यानेच अडकतंय. तुझं ओढून झालं की हात सैल सोड, पुढचं मी ओढते.” “घ्या, बाईंचीच शिकवणी!” बाबा हसले. आईने हात सैल सोडला. पातं सरसर लेकीकडे गेलं, तसंच परत आलं. थोड्या वेळात ओंडक्याचा तुकडा धपकन पडला. तळहातावरचा भुसा झटकत आई म्हणाली, “चल, उद्याच शाळेत नाव घालू.”