गॉगलमधला समुद्र

"अजून मोठा होईल का?" मास्तरांनी विचारलं.

"चार फूट झाला की, मास्तर," फोटोवाला म्हणाला. "यापेक्षा ओढला तर फाटेल फोटो."

"बरं, चार फूट. पण चेहरा मोठा यायला हवा. आजूबाजूचा समुद्र गेला तरी चालेल."

संगणकाच्या पडद्यावर मास्तरांची बायको किनाऱ्यावर उभी होती. डोळ्यांवर मोठा काळा गॉगल, तोंडभर हसू. साठी उलटलेल्या बायकोचा चार फुटी फोटो बैठकीत लावायला निघालेला नवरा फोटोवाल्याने आजवर पाहिला नव्हता. समोरच्याच इमारतीत ती दोघं राहायची. मास्तर मोठे करारी, एकदा तोंडातून शब्द गेला की गेला, अशी त्यांची गल्लीभर ख्याती. अशा माणसाला या वयात प्रेमाचं भरतं आलेलं पाहून त्याला गंमत वाटली.

"सुरकुत्या जरा पुसू का?"

"काही पुसू नका. आहे तसा हवा. गॉगल तेवढा स्वच्छ दिसू दे."

"तुम्हीच काढलात वाटतं?"

"छे, मी कुठला जातोय! ही मैत्रिणींबरोबर गेली होती. त्यांच्यातल्याच कुणीतरी काढला, म्हणते."

मास्तर शीळ घालत गेले आणि फोटोवाला कामाला लागला. त्याने चेहरा मोठा केला, उजेड सारखा केला, मग गॉगलवर आला आणि थबकलाच. काळ्या काचांत फोटो काढणारा उमटला होता. मैत्रीण कुठली, चांगला उंचापुरा, दाढीवाला तरुण. फोन छातीशी धरून हसत होता. मागच्या वाळूत चिटपाखरूही नव्हतं.

आता आली का पंचाईत. काकूंच्या भानगडीत नाक खुपसायचं त्याला काही कारण नव्हतं. पण एवढं प्रकरण भिंतीवर लागलं की मास्तर रोज चहा पीत त्याच्याकडे बघणार, आणि एक ना एक दिवस त्यांना ते दिसणारच. मग इतक्या वर्षांचा संसार उधळणार, तोही आपल्या दुकानातल्या प्रिंटमुळे. मास्तर त्याला मनापासून आवडायचे. त्याने बाह्या सरसावल्या. दोन्ही काचांतला दाढीवाला कणाकणाने पुसला, त्या जागी लाटा भरल्या, वर थोडं आभाळ घातलं. काम इतकं बेमालूम झालं की त्याने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. कुणाला सांगायची सोय नव्हती, एवढंच काय ते दुःख.

दुसऱ्या दिवशी मास्तर कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. फोटो बघताच त्यांचा चेहरा फुलला. मग त्यांनी चष्मा लावला, नाक टेकेल इतके वाकले आणि आधी एका काचेत, मग दुसऱ्या काचेत बघत राहिले. फोटोवाला घाईघाईने फोटो गुंडाळायला कागद शोधू लागला.

"इथे कुणीतरी होतं," मास्तर हळूच म्हणाले.

"डाग होता, मास्तर. काढून टाकला."

मास्तर खुर्ची ओढून बसले. "मूळ फोटो आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. पण जाऊ द्या ना, मास्तर. कशाला मनाला लावून घेता?"

"तोच छापा," मास्तर म्हणाले. "माझ्या पोराचा फोटो माझ्या घरात लागणार नाही, असं मी दहा माणसांत बोलून बसलोय. बायकोचा लावणार नाही, असं कुठे म्हटलंय?"